दुःखसहन आणि आज्ञापालन

पुत्र असूनही ख्रिस्त दुःखसहनातून आज्ञापालन शिकला, असे इब्री 5:8 सांगते. तो पूर्वी अवज्ञा करीत होता, असा याचा अर्थ नव्हे. 4:15 मध्ये त्यास निष्पाप म्हटले आहे. मग तो काय शिकला? आज्ञापालनासाठी येथे योजिलेला ‘हुपाकोए’ हा ग्रीक शब्द ‘ऐकणे’ या क्रियापदापासून झाला आहे. मराठीतही आपण ‘बापाचे ऐकणे’ म्हणतो. गेथशेमाने बागेत प्याला टळला नाही, तरी पुत्राने पित्याचे ऐकले. आणि 5:7 नुसार पित्यानेही त्याचा अश्रूंसह केलेला आक्रोश ऐकला. म्हणून रुग्णाच्या उशाशी बसून ‘हे तुमच्या अवज्ञेचे फळ’ असे आम्ही कदापि म्हणू नये. आधी त्याचे रडणे ऐकावे, मग त्याच्यासह प्रार्थना करावी.