एक्स टेंपोरे

एक्स टेंपोरे हे स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथून निघणारे बहुभाषिक वाङ्मयीन वार्षिक आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कर्मचाऱ्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या लेखक मंडळाचे ते नियतकालिक असून त्यात कविता, कथा, निबंध, नाट्यलेखन व अनुवाद प्रसिद्ध होतात. ते संयुक्त राष्ट्रसंघाचे अधिकृत प्रकाशन नव्हे. ‘एक्स टेंपोरे’ या लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘पूर्वतयारीविना, उत्स्फूर्तपणे’ असा होतो.

पार्श्वभूमी

राष्ट्रसंघाच्या काळापासून जिनीव्हा हे आंतरराष्ट्रीय संस्थांचे केंद्र आहे. तेथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी केलेले फ्रेंच भाषेतील कादंबरीकार आल्बेर कोएन यांनी ‘बेल द्यु सेन्यर’ (१९६८) या कादंबरीचा नायक राष्ट्रसंघाचा उच्चाधिकारी दाखवला आहे.

अशा संस्थांतील दैनंदिन लेखन मात्र व्यक्तिनिरपेक्ष असते. ठराव व अहवाल यांचा मसुदा अनेकांच्या हातून जातो आणि त्यावर सहसा लेखकाचे नाव नसते. सनदेच्या १००व्या कलमानुसार कर्मचाऱ्यांना कोणत्याही सरकारकडून आदेश घेता येत नाहीत. संघटनेच्या कार्याशी संबंधित लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांना परवानगीही घ्यावी लागते. एक्स टेंपोरेमध्ये हेच कर्मचारी स्वतःच्या नावाने ललित लेखन करतात.

भाषा

संयुक्त राष्ट्रसंघाने १९४६ मध्ये इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश व चिनी या भाषांना अधिकृत दर्जा दिला. १९७३ मध्ये अरबीची भर पडली. सचिवालयाचे कामकाज प्रामुख्याने इंग्रजी व फ्रेंचमध्ये चालते. त्यामुळे अनेक कर्मचाऱ्यांची मातृभाषा कार्यालयात उपयोगात येत नाही. या वार्षिकात अधिकृत भाषांबरोबर जर्मनसारख्या इतर भाषांतील साहित्यालाही स्थान मिळते. येथे भाषेची निवड प्रशासकीय गरजेवरून नव्हे, तर लेखकाच्या इच्छेवरून ठरते.

संपादन

हवाना येथे जन्मलेले अमेरिकन कायदेतज्ज्ञ आल्फ्रेड डी झायस यांनी या वार्षिकाचे संपादन दीर्घकाळ केले. त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क विभागात काम केले असून २०१२ ते २०१८ या काळात ते मानवी हक्क परिषदेने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ होते. कवी राइनर मारिया रिल्के यांच्या ‘लारेनोप्फर’ या सुरुवातीच्या जर्मन काव्यसंग्रहाचा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला आहे.

महत्त्व

संयुक्त राष्ट्रसंघाचा इतिहास बहुधा ठराव व इतिवृत्ते यांच्या आधारे लिहिला जातो. त्या कागदपत्रांत कर्मचाऱ्यांची वैयक्तिक दृष्टी उमटत नाही. एक्स टेंपोरेच्या अंकांत ती अनेक भाषांमध्ये जतन झाली आहे.