आधी झीज बघा

घड्याळजीचं दुकान बंद होतं, मुलं दुसऱ्या धंद्यात गेलेली असतात, आणि हत्यारांचा डबा जसाच्या तसा भंगारात जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात असे डबे बुधवारी-रविवारी मांडलेले दिसतात. विकणाऱ्याला त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावं ठाऊक नसतात आणि घेणारा घरी नेऊन पहिलं काम करतो ते पॉलिश. मला हे बघवत नाही. हत्यार कशासाठी होतं हे त्याची झीज सांगते, आणि पॉलिशने तीच पुसली जाते.

मध्यंतरी माझ्या हाती आलेल्या एका डब्यात वीतभरही नसलेली पितळी चौकट होती. लांबीच्या कडेला बिजागरीने जोडलेले दोन भाग, बाजूला एक स्क्रू. प्रत्येक भागात समोरासमोर दोन पोलादी दांड्या, आत-बाहेर सरकणाऱ्या, पेचाने आवळता येणाऱ्या. कुणी तिला व्हाइस म्हणालं, कुणी ड्रिलचा स्टँड. पण दांड्यांच्या दोन्ही जोड्या एकमेकींना अगदी समांतर होत्या आणि स्क्रू फिरवला की त्यांच्यातलं अंतर केसाकेसाने बदलत होतं. म्हणजे दोन वस्तू शेजारीशेजारी धरायच्या आणि त्यांच्यातलं अंतर ठरवायचं. घड्याळात अशा वस्तू कोणत्या? चाक आणि पिनियन, म्हणजे त्याच्यात गुंतणारं छोटं दातेरी चाक.

हे डेप्थिंग टूल. एका जोडीत चाक धरायचं, दुसरीत पिनियन, आणि बोटाने हलकेच फिरवायचं. दाते फार खोल गुंतले तर अडकतात, वरवर लागले तर घासतात. फिरणं मऊ झालं की स्क्रूला हात लावायचा नाही. मग दांड्यांची बाहेरची टोकं कामाला येतात: एक टोक घड्याळाच्या प्लेटवरच्या भोकात टेकवायचं, दुसऱ्याने रेघ ओढायची. दुसरं भोक त्या रेघेवर. माझ्या चौकटीत एका बाजूचं एकच टोक बोथट झालेलं आहे, बाकीची तीन अजून टोचतात. तो कारागीर रेघ नेहमी त्याच टोकाने ओढत असणार.

काही हत्यारं अर्धीच सापडतात, आणि ओळखायला सगळ्यात अवघड तीच. चौकोनी पोलादी दांडा, त्यावर दोन टोकदार खुंट, मध्ये हत्यार टेकवायची जागा. ना पुली, ना हँडल. हे फिरवायचं कसं? दांड्याच्या खालच्या पायावर व्हाइसच्या जबड्यांचे ओरखडे आहेत, म्हणजे ते आवळून धरत. उरलेला अर्धा भाग म्हणजे कमान: लवचिक काडी आणि घोड्याच्या केसाची दोरी. खुंटांमध्ये धरलेल्या कामाला दोरीचा वेढा घालून कमान मागेपुढे ओढायची. काम आपल्याकडे फिरतं तेव्हाच ग्रेव्हर कापतो, उलट फिरताना तो उचलायचा. केस तुटून जातात, काडी फेकली जाते, आणि हा छोटा लेथ अनोळखी होऊन बसतो.

अडकित्त्यासारखा दिसणारा मापक मात्र चटकन ओळखू येतो, फक्त त्यावरचे आकडे मिलिमीटरचे नसतात, इंचाचेही नसतात. ते लीनचे बारावे भाग. एक लीन सुमारे 2.256 मिलिमीटर, म्हणजे एक भाग 0.188 चा. फ्रेंच-स्विस कारागिरांचं हे माप. घड्याळाच्या मशीनचा आकार आजही लीनमध्ये सांगतात.

हत्यारावर कारखान्याचा ठसा असला की सगळे खूश होतात. बोली कंपनीचं नाव म्हटलं की जर्मनी, बेर्जों म्हटलं की स्वित्झर्लंड, कानशीवर स्टब्स असेल तर इंग्लंडमधलं लँकाशायर. अठराव्या शतकात लिव्हरपूलच्या जॉन वाइकने घड्याळजींच्या हत्यारांचा सचित्र कॅटलॉग काढला होता; त्यातले काही आकार आजच्या डब्यांतही ओळखू येतात. पण ठशावरून कारखाना कळतो, काम कळत नाही.

आणि कारागिराने स्वतः घडवलेल्या हत्यारांवर तर ठसाच नसतो. मला ती सगळ्यात प्रिय. माझ्याकडे एक बारीक पट्टी आहे: टोकाला दुबेळकं, पाठीवर जुन्या कानशीचे पुसट दाते. मोडकी कानस घासून केलेली. दुबेळक्याची आतली कड चकचकीत झिजलेली, खालची बाजू मुद्दाम गोलसर केलेली, डायलला ओरखडा उठू नये म्हणून. काटे उपसायचं हत्यार. असं एक सापडलं की डबा पुन्हा उपसावा, कारण काटा दोन्ही बाजूंनी एकदम उचलावा लागतो आणि ही पट्टी जोडीनेच केलेली असते.