हाडमोड्या ताप आणि रुग्णालयांतील आठ दिवस

चरकसंहितेच्या निदानस्थानाचा आरंभच ज्वरापासून होतो, आणि तें यथार्थ आहे. मनुष्याच्या व्याधींत ज्वराइतकी सर्वपरिचित व्याधि दुसरी नाहीं. त्या ग्रंथांत विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे पांच भेद सांगितले आहेत. त्यांतील शेवटच्या दोहोंचीं लक्षणें हिंवतापाशीं पुष्कळ जुळतात. परंतु ज्या ज्वराची हकीकत आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों तो डेंग्यूचा ज्वर होय. हाडें मोडून टाकल्यासारखा ठणका लागतो म्हणून त्यास हाडमोड्या ताप असेंही म्हणतात. एका भाद्रपदांत त्यानें आम्हांस परभणी येथें गांठलें आणि आठ दिवस रुग्णालयांत ठेवलें. ह्या आठ दिवसांत जें कळलें तें प्रत्येक कुटुंबास उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.

ताप आला तो अकस्मात्, आणि थेट एकशें चार अंशांवर. डोळ्यांच्या खोबणींमागें असह्य वेदना, पाठ व मांड्या यांत ठणका, अन्नाचा तिटकारा. दुसऱ्या दिवशीं अंगावर तांबूस पुरळ उठलें. आमच्या सूनबाईंनीं त्याच सायंकाळीं रक्ततपासणी करविली व डेंग्यू असल्याचें निश्चित झालें. अंगदुखीसाठीं घरोघर असणाऱ्या गोळ्यांपैकीं केवळ पॅरासिटामॉल, तेंही ठराविक मात्रेंत, घेण्यास डॉक्टरांनीं अनुज्ञा दिली. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आदि वेदनाशामकें त्यांनीं सक्त वर्ज्य केलीं. कारण ह्या तापांत रक्तस्रावाचें भय असतें व त्या औषधांनीं तें वाढतें. विषाणूचा नाश करणारें औषध उपलब्ध नसल्यामुळें विश्रांति, भरपूर पेय पदार्थ आणि सावध देखरेख हीच मुख्य चिकित्सा होय.

पांचव्या दिवशीं पहांटे घाम येऊन ताप उतरला. घरांत आनंदीआनंद झाला. आमचे धाकटे बंधु म्हणाले, "दादा, देवाची कृपा झाली, आतां दुपारीं घरीं जाऊं." परंतु डॉक्टरांची मुद्रा त्याच दिवशीं अधिक गंभीर दिसली. ते म्हणाले, "गुरुजी, इतर तापांत ताप उतरला कीं काळजी सरते, ह्यांत ती सुरू होते. पुढचे दोन दिवस माझ्या नजरेसमोर राहा."

त्यांनीं कारणही समजावून सांगितलें. ताप उतरण्याच्या सुमारास कांहीं रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपूं लागतात. रक्तांतील द्रवांश बाहेर जातो, रक्त दाट होतें, रक्तदाब ढासळतो आणि रोगी कांहीं तासांत अत्यवस्थ होऊं शकतो. पोटांत तीव्र दुखणें, वारंवार वांत्या, हिरड्यांतून अगर नाकांतून रक्त, हातपाय गार पडणें, विलक्षण ग्लानि अथवा अस्वस्थता, लघवी कमी होणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसतांच रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. आमच्या पोटांत त्या रात्रीं दुखूं लागलें. परिचारिकांनीं रात्रभर तासातासानें नाडी व रक्तदाब पाहिला आणि शिरेंतून दिलें जाणारें द्रव मोजून कमीअधिक केलें. हें सर्व घरीं होणें शक्यच नव्हतें.

सहाव्या दिवशीं निराळाच प्रसंग उद्भवला. रक्तांतील प्लेटलेट नामक कणांची संख्या, जी निरोगी मनुष्यांत दीड ते साडेचार लक्ष असते, ती आमच्या ठायीं बेचाळीस सहस्रांवर आली. हा आंकडा घरीं कळतांच एकच धांदल उडाली. पुतण्या रक्तपेढीकडे धांवला, वहिनींनीं पपईच्या पानांचा रस पाठविला, आणि आमच्या सौभाग्यवतींनीं डॉक्टरांस डोळ्यांत पाणी आणून विनविलें कीं, पिशवी चढवाच. डॉक्टर शांतपणें म्हणाले, "काकू, रक्तस्राव नसेल व संख्या दहा हजारांहून अधिक असेल तर सामान्यतः पिशवी लागत नाहीं, उगीच चढविल्यानें अपायच व्हावयाचा. मी ह्या आंकड्याकडे पाहतोंच, पण त्याहून अधिक रक्ताच्या दाटपणाकडे पाहतों." अठ्ठेचाळीस तासांनीं संख्या आपोआप चढूं लागली. पपईच्या रसाविषयीं मतभेद असतील. परंतु त्याच्या भरंवशावर रुग्णालय टाळणें केव्हांही हिताचें नाहीं.

आतां रोगाच्या मुळाकडे वळूं. डांस व ताप यांचा संबंध सिद्ध होण्याच्या इतिहासांत परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानांत त्या काळीं मोडत होता, त्याचें स्थान मोठें आहे. सिकंदराबाद येथें 20 ऑगस्ट 1897 रोजीं रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु आढळले. त्या कार्यास्तव त्यांस 1902 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हिंवतापाचा डांस निराळा व डेंग्यूचा निराळा. पहिला मुख्यतः रात्रीं दंश करतो. दुसरा, ज्याच्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसां. बार्शी येथें 1973 सालीं ज्या चिकुनगुन्याची सांथ आली तो तापही ह्याच पट्टेदार डांसामुळें पसरतो.

ह्या डांसास गटाराची घाण लागत नाहीं. घरांतील स्वच्छ, सांठविलेलें पाणी त्यास प्रिय असतें. येथेंच आमच्या मराठवाड्याची अडचण आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना ह्या नद्या जिल्ह्यांतून वाहत असल्या तरी नळास रोज पाणी न येणारीं गांवें पुष्कळ, आणि म्हणून पाणी सांठविणें ही आमच्या गृहिणींची चैन नसून निकड आहे. अवर्षणांत ती अधिकच वाढते. म्हणजे पावसाची विपुलता तशीच पाण्याची टंचाईही ह्या डांसास उपकारकच ठरते. आरोग्य खात्याचे कर्मचारी आमच्या घरीं आले तेव्हां त्यांस अळ्या सांपडल्या त्या शीतकपाटाच्या मागील तबकडींत, जिचें अस्तित्वही घरांत कोणास ठाऊक नव्हतें.

अंड्यापासून डांस होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, आंतून घांसून, कोरडीं करावयाचीं. ह्यासच कोरडा दिवस म्हणतात. नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नव्हे, कारण अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून राहतात व कोरड्या स्थितींतही कित्येक महिने टिकतात. रांजण, टांक्या व पिंपें घट्ट झांकावीं. ज्या टांक्या रित्या करतां येत नाहींत त्यांचें तोंड बारीक कापडानें बांधावें. कूलर, कुंड्यांखालील ताटल्या, गच्चीवरील जुनीं टायरें यांकडेही लक्ष द्यावें.

रुग्णालयांतून आल्यावर महिनाभर जिना चढतांना धाप लागे व गीतेचा एक अध्याय वाचून होतांच डोळे मिटत. तो अशक्तपणा हळूहळू गेला. परंतु एक गोष्ट राहिली. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत; एकाची बाधा झाली म्हणजे त्या प्रकारापुरतें दीर्घ संरक्षण मिळतें, पण पुढें दुसऱ्या प्रकारानें गांठल्यास ताप अधिक उग्र होण्याचा संभव असतो. आमच्याच घरीं आमच्या आधीं पंधरा दिवस सहा वर्षांच्या नातवासही हाच ताप येऊन गेला होता. तेव्हां आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबांत आतां दर शनिवारीं कोरडा दिवस पाळला जातो. मोठीं माणसें पिंपें घांसतात व नातू गच्चीवरील कुंड्यांच्या ताटल्या उपड्या करतो. वाचकांनींही आपल्या सोयीचा एक वार ठरवावा, व शेजाऱ्यांसही त्यांत सामील करून घ्यावें. कारण डांस कुंपण पाहून थांबत नाहीं.