देहनिरीक्षण : विश्रांतीचे एक साधन

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीला रात्र माहीत नसते. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगत राहते आणि तिच्यासाठी माणसांना पाळ्या वाटून घ्याव्या लागतात. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी येऊन अंथरुणावर आडवा होतो. देह थकलेला असतो, तरी झोप येत नाही. जरा लक्ष दिले तर त्याचे त्यालाच आढळेल की जबडा आवळलेला आहे, खांदे वर ओढलेले आहेत आणि मुठी अर्धवट मिटलेल्याच आहेत. कारखाना मागे राहिला, परंतु देहाने अद्याप काम सोडलेले नाही.

हा ताण घालवावयाचा तर तो प्रथम जाणवला पाहिजे. ‘बॉडी स्कॅन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्यानाचा आधार हाच होय. आपण त्यास देहनिरीक्षण म्हणू. उताणे पडून किंवा खुर्चीवर बसून मन प्रथम पायाच्या बोटांवर न्यावयाचे. तेथे ऊब, गारवा, मुंग्या, वेदना, जे असेल ते केवळ पाहावयाचे. मग तळवा, घोटा, पोटरी असे क्रमाक्रमाने मस्तकापर्यंत जावयाचे. मन भरकटले तर त्यास न रागावता परत आणावयाचे. काहीच जाणवले नाही, तर तेही एक निरीक्षणच होय.

या पद्धतीचे धागे अनेक आहेत. हठयोगप्रदीपिकेत शवासन हे श्रम हरण करणारे व चित्तास विश्रांती देणारे म्हणून सांगितले आहे. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची रीत मांडली. ब्रह्मदेशातील ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात आणली; इगतपुरीचे धम्मगिरी हे तिचे मोठे केंद्र. तीतही संवेदनांचे निरीक्षण अवयवशःच केले जाते. पुढे १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी देहनिरीक्षणास आपल्या शिक्षणक्रमात स्थान दिले.

मराठी वाचकास विशेष अगत्याचा वाटावा असा प्रयोग मात्र मुंबईचा आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले व त्याचा वृत्तांत १९६९ साली प्रसिद्ध केला. रुग्णांनी संथ श्वास घेत नाकपुडीशी येणाऱ्या हवेचा गारवा आणि जाणाऱ्या हवेची ऊब यांकडे लक्ष द्यावयाचे होते. ज्या १० रुग्णांना रक्तदाबाचे औषध नव्हते, त्यांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ मिलिमीटरपर्यंत उतरला. प्रयोग लहान होता हे खरे; परंतु लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ साली तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेल्या चाचणीतही शिथिलीकरणाचा लाभ दिसून आला.

हे घडते कसे? हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन व श्वास यांवर स्वायत्त मज्जासंस्थेची सत्ता चालते. तिची एक शाखा देहास झुंजीसाठी सज्ज करते, दुसरी विसाव्याकडे नेते. स्नायू सैल पडले आणि श्वास संथ झाला की दुसरीचे पारडे जड होते. शिवाय वेदना आणि वेदनेची धास्ती या दोन वस्तू होत. वेदनेकडे स्थिरपणे पाहावयास शिकलेल्या मनुष्याची धास्ती ओसरते; मग उरलेली वेदना सोसणे सुकर होते. कबाट-झिन यांनी १९८२ साली ५१ जुनाट वेदनाग्रस्तांविषयी जो वृत्तांत दिला, त्यात बहुसंख्य रुग्णांची वेदना लक्षणीय प्रमाणात उतरल्याचे नमूद आहे.

तथापि विवेक सुटता कामा नये. संपूर्ण शिक्षणक्रमाविषयीचा पुरावा जितका बळकट आहे, तितका केवळ देहनिरीक्षणाविषयीचा नाही. रक्तदाब बहुधा मुकाट्याने वाढतो. बरे वाटते म्हणून औषध सोडणे हे प्राणावर बेतू शकते. औषध कमी करावयाचे की नाही, हे वैद्यानेच ठरवावे. भीषण अपघातातून वाचलेल्यास देहाकडे लक्ष देताना कधी अस्वस्थता वाटते. त्याने डोळे उघडावे व थांबावे. यंत्राजवळ वा वाहन चालविताना हा अभ्यास करू नये. आणि कारखान्यातील उष्णता, गोंगाट व पाळ्यांची आखणी सुधारण्याचे काम ध्यानाच्या माथी मारून कोणासही मोकळे होता येणार नाही.

एवढे ध्यानी ठेवले तर हे साधन बिनखर्चाचे आहे. त्यास चटई आणि वीस-तीस मिनिटांचा निवांतपणा पुरतो. रात्रपाळीहून आलेल्या मनुष्याने खिडकीचा पडदा ओढावा, पाठ टेकावी आणि पायाच्या अंगठ्यापासून आरंभ करावा. भट्टी तिकडे पेटलेलीच राहील; त्याने मात्र आपली मूठ उघडावी.