हृदयाच्या पेशींचा इशारा तुटतो तेव्हा



नामांकित हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. अंधेरीत मोठे रुग्णालय उभारायचे त्यांचे काम अर्धेच राहिले. तेथे २००९ पासून कोकिलाबेन रुग्णालय चालू आहे.

झटक्यात होते काय? हृदयाची प्रत्येक पेशी बारीक दारांतून शेजारच्या पेशीला विजेचा इशारा देते, म्हणून सगळ्या एका ठेक्यात चालतात. रक्तपुरवठा तुटला, की ‘कोनेक्सिन ४३’ या प्रथिनाची ही दारे मिटू लागतात. इशारा वाट चुकतो, ठोका बिघडतो, माणूस जागीच कोसळू शकतो.

छातीत कळ, दरदरून घाम आला तर ‘पित्त असेल’ म्हणून फडात बसून राहू नका. लगेच १०८ ला फोन लावा. पाण्याची पाळी चुकली तर पुन्हा येते. ही वेळ येत नाही.