नाडी मंद की बेफाम? पेसमेकर, ‘शॉकचं मशीन’ की ॲब्लेशन, हे त्यावरच ठरते

सांबरा : सांबरा विमानतळावर तपासणीच्या रांगेत एखादे आजोबा मेटल डिटेक्टरच्या दारापाशी थांबतात, खिशातून छोटेसे कार्ड काढतात आणि गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवून सांगतात, ‘पेसमेकर आहे.’ सुरक्षा कर्मचारी कार्ड बघतात, हाताने तपासतात आणि पुढे सोडतात. मशीन बसवलेला माणूस असा हिंडतो, फिरतो, विमानातही बसतो.

पण घरात असे मशीन बसवायचा विषय निघाला की चित्र वेगळे असते. ‘वय झालंय की आता, कशाला चिरफाड?’ असे एकजण म्हणतो. ‘गल्लीतल्या काकांना मांडीतून नळी घालून बरं केलं म्हणे, आपणही तेच करूया,’ असे दुसरा म्हणतो. इथेच घोळ होतो. हृदयाच्या ठोक्यांचे आजार एक नाहीत. मंद नाडीचा उपाय वेगळा, बेफाम नाडीचा वेगळा आणि अनियमित नाडीचा तिसराच.

स्टार्टर बिघडला तर

बोअरची मोटार चांगली असली तरी स्टार्टरने दगा दिला की पाणी येत नाही. हृदयाचेही तसेच आहे. हृदय म्हणजे पंप. तो चालवणारी विजेची सूक्ष्म लहर हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात तयार होते आणि ठरलेल्या वाटेने खाली जाते. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा असे घडते. म्हणजे दिवसाला सुमारे लाखभर ठोके.

लहर तयारच होईना किंवा वाटेत अडली, तर नाडी मंदावते. चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. ज्या मंद नाडीचे कारण औषध बदलून किंवा दुसरा आजार बरा करून जात नाही, तिथे पेसमेकर हाच खात्रीचा उपाय आहे. जागा बधिर करून गळ्याच्या हाडाखाली छोटी चीर देतात आणि शिरेतून वायर हृदयापर्यंत नेतात. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे चालते.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये अर्ने लार्सन यांना बसवला गेला. तेव्हा त्यांचे वय ४३ होते. ते पहिले मशीन काही तासांतच बंद पडले. पुढे एकामागून एक वीसहून अधिक मशीन बदलत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. त्यामुळे ‘वय झालंय’ हे एकच कारण मशीन नाकारायला पुरेसे नाही.

ठोके शांत झाले, माणसे दगावली

बेफाम ठोक्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना मधेच जादा ठोके पडतात आणि अशा रुग्णांत अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. मग औषधाने ते ठोके थांबवले की जीव वाचेल, असे डॉक्टरांना वाटत होते. १९८९ मध्ये अमेरिकेतील ‘कास्ट’ या चाचणीचे निकाल आले आणि सगळे चक्रावले. औषधाने ठोके शांत झाले होते, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू मात्र जास्त झाले होते. ईसीजीचा कागद चांगला दिसला म्हणजे रुग्ण वाचला असे नव्हे, हा धडा तिथून मिळाला. तेव्हापासून प्रत्येक उपचाराला एकच प्रश्न विचारला जातो : याने जीव वाचतो की त्रास कमी होतो?

आयसीडी, म्हणजे बोलीत ‘शॉकचं मशीन’, या प्रश्नाला ‘जीव वाचतो’ असे उत्तर देते. पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. जीवघेणी बेफाम लय सुरू झाली की हे मशीन ती ओळखते आणि आतूनच झटका देते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅडिट-२’ चाचणीत आधी हार्ट अटॅक येऊन हृदय खूप कमकुवत झालेले १२३२ रुग्ण होते. सरासरी २० महिन्यांत नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांपैकी १९.८ टक्के दगावले, तर मशीन असलेल्यांपैकी १४.२ टक्के. उलट २०१६ च्या डेन्मार्कमधील चाचणीत ब्लॉकेजशिवाय हृदय कमकुवत झालेले रुग्ण घेतले होते. त्यांच्यात अचानक मृत्यू कमी झाले, पण एकूण मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. म्हणून ‘हृदय कमकुवत आहे, मशीन बसवा’ एवढे ऐकून थांबू नये. कमकुवत कशामुळे झाले, हे विचारावे.

ॲब्लेशन म्हणजे काय?

मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, चुकीची लहर जिथून उठते किंवा फिरते तो ठिपक्याएवढा भाग उष्णतेने किंवा गारठवून निकामी करायचा, हे ॲब्लेशन. तरुण वयात अचानक सुरू होणारी आणि अचानक थांबणारी धडधड अनेकदा जन्मजात जादा वाटेमुळे असते. तिथे दहापैकी नऊहून अधिक जणांना ॲब्लेशनने गुण येतो आणि बहुतेकांची गोळी सुटते.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, हे प्रकरण मात्र वेगळे. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल हैसागेर यांच्या पथकाने दाखवून दिले की ही थरथर बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होते. तिथूनच आजचे ॲब्लेशन आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कबाना’ या चाचणीत २२०४ रुग्ण होते. ॲब्लेशनच्या गटात थरथर कमी झाली आणि रोजचे जगणे सुसह्य झाले. पण मृत्यू, लकवा यांसारख्या मोठ्या संकटांत औषधांच्या तुलनेत स्पष्ट फरक दिसला नाही. हृदय कमकुवत असलेल्या ३६३ निवडक रुग्णांच्या २०१८ मधील चाचणीत मात्र फायदा मोठा होता. मृत्यू किंवा हृदय कमकुवतपणासाठी ॲडमिट होण्याचे प्रमाण ४४.६ टक्क्यांवरून २८.५ टक्क्यांवर आले.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. भारतातील १५३७ रुग्णांच्या नोंदणीत अशी थरथर असलेल्यांचे सरासरी वय सुमारे ५५ निघाले आणि जवळपास निम्म्यांना संधिवाती तापाने हृदयाची झडप खराब झालेली होती. परदेशातील ॲब्लेशनच्या चाचण्या मुख्यतः अशा रुग्णांवर झालेल्या नाहीत. झडप आकसलेल्यांना लकव्यापासून जपण्यासाठी रक्त पातळ करणारी जुनी गोळीच नव्या गोळीपेक्षा बरी, असे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. त्यामुळे झडपेची इको तपासणी झाल्याशिवाय शेजाऱ्याचा उपचार आपल्याला लावू नये. आणि ॲब्लेशन झाले म्हणून ही गोळी मनाने बंद करू नये.

पैशाचा प्रश्न आणि मुंबईचा अनुभव

खरी अडचण बऱ्याचदा खर्चाची असते. यावर मुंबईत एक वेगळा प्रयत्न झाला. अमेरिकेत निधन झालेल्यांचे पेसमेकर कुटुंबाच्या संमतीने काढून, बॅटरी तपासून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना बसवण्यात आले. जंतुसंसर्ग झाला नाही, मशीन बंद पडले नाही. शॉकच्या मशीनचाही असाच पुनर्वापर मुंबईत ८१ रुग्णांमध्ये झाला आणि त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना मशीनने वेळेवर झटका किंवा उपचार दिला. म्हणजे मशीन मिळाले नसते तर या माणसांचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. हा मार्ग अजून सर्रास खुला नाही. अमेरिकेतही वापरलेले मशीन पुन्हा बसवायला नियामकांची मान्यता नाही.

सीमाभागात शासकीय योजनेचा आधार शोधताना दोन राज्यांची दारे असतात. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून वादही झाला. रुग्णाला वादाशी देणेघेणे नसते. बेळगाव असो, कोल्हापूर असो की मिरज, पैसे भरण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला आपले रेशन कार्ड, आधार दाखवून हा उपचार कोणत्या योजनेत बसतो ते विचारावे.

मशीन असेल तर

कार्ड कायम जवळ ठेवा. मेटल डिटेक्टरच्या दारातून न रेंगाळता जाता येते, हातातले डिटेक्टर मात्र मशीनवर धरू देऊ नका. मोबाईल शर्टच्या त्या बाजूच्या खिशात नको. एमआरआय करण्यापूर्वी सांगा. ठरलेल्या तारखेला मशीन तपासून घ्या. शॉक बसला तर डॉक्टरांना कळवा. लागोपाठ शॉक बसले किंवा शुद्ध हरपली, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि निर्णयाच्या दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा : नाडी मंद आहे, बेफाम आहे की अनियमित? या उपचाराने जीव वाचणार आहे की त्रास कमी होणार आहे? नाही केले तर काय होईल? एवढी उत्तरे मिळाली की घरातली चर्चा शेजारच्या काकांवर अडणार नाही.