पुन्हा तोच दिवस : कालावर्त-प्रेमकथा आणि दोन स्त्रियांची दुसरी संधी

प्रस्तावना :
बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथून रोज सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमधील महिलांच्या डब्यात 'कालचाच दिवस पुन्हा उगवला' असा भास होणे नवे नाही. तीच गाडी, तीच जागा, तीच सोबतीण. हा भासच कथेचा नियम झाला की 'टाइम लूप' म्हणजेच कालावर्त-कथा जन्माला येते. अशा कथेच्या केंद्रस्थानी दोन स्त्रियांचे प्रेम असल्यास दुसऱ्या संधीचा अर्थ कसा बदलतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
कालावर्तात ठरावीक कालखंड पुनःपुन्हा घडतो आणि बहुधा एकाच पात्राला मागील फेऱ्यांचे स्मरण राहते. 'ग्राउंडहॉग डे' (१९९३) या चित्रपटातील नायक स्वभाव पालटल्यावरच त्या दिवसातून सुटतो. 'रन लोला रन' (१९९८) मधील नायिका प्रियकराला वाचविण्यासाठी तीच धाव तीनदा घेते; क्षणांच्या फरकाने शेवट बदलतो. पहिल्या कथेत दोष व्यक्तीचा आहे, तर दुसरीत योगायोगाचा. वटपौर्णिमेच्या व्रतामागील सात जन्मांच्या कल्पनेतही पुनरावृत्ती आहे. मात्र तेथे तेच नाते टिकावे ही इच्छा असते, तर कालावर्तात हुकलेले सावरण्याची धडपड असते.

मराठी संदर्भ :
दोन स्त्रियांच्या प्रेमाची हुकलेली संधी मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाने १९८१ मध्ये ठळकपणे मांडली. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली होती. सुमित्रा उर्फ मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी नमा या मैत्रिणीवर प्रेम करते आणि तिचा मित्र बापू ही कहाणी सांगतो. नाटक कालावर्ताचे नाही. तरीही त्यात दुसरी संधी आहे. आपण इतरांहून वेगळ्या आहोत, या जाणिवेने हादरलेली मित्रा आरंभी जीव देण्याचा प्रयत्न करते आणि वाचते. तिला जणू दुसरे आयुष्य मिळते. परंतु भोवतालचे जग तेच राहते. नमा दुरावते, बापूही पाठ फिरवतो आणि अखेर मित्रा आत्मनाश ओढवून घेते. येथे दोष मित्राच्या स्वभावाचा नाही, योगायोगाचाही नाही. तो परिस्थितीचा आहे.

कायद्यातील आवर्तन :
वास्तवातही ही परिस्थिती पुढे-मागे फिरत राहिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आणले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता मिळाली नाही. अर्थात भीतीची एक फेरी संपली. सहजीवनाचा प्रश्न उरला.

निष्कर्ष :
यावरून कालावर्त-प्रेमकथेसाठी दोन कसोट्या हाती येतात. पहिली, स्मरणाची. एकीलाच सारे आठवत असेल, तर दुसरीचा होकार अजाणतेपणी मिळवलेला ठरतो. म्हणून दुसरी संधी दोघींची असावी लागते. दुसरी कसोटी परिवर्तनाची. समजा, संध्याकाळच्या परतीच्या गाडीत एकजण मनातले न बोलताच उल्हासनगरला उतरते आणि दुसरी तशीच बदलापूरपर्यंत जाते. दुसऱ्या फेरीत बोलण्याचे धैर्य आले, तरी तेवढे पुरणार नाही. डब्यातील नजरा आणि घरचे दार, दोन्ही बदलावे लागतील. तोवर दिवस पुन्हा उगवेल. संधी मात्र मिळाली असे म्हणता येणार नाही.